वास येतोय का?

ऑफिसच्या तक्रारी आणि अर्जांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एकच फॉर्म बनवून सगळ्या विभागांना जोडला होता. एकदाच डोकं शिणवायचं, मग निवांत!

प्लंबर म्हणाला, "माझ्या फॉर्ममध्ये 'वास येतोय का?' हा प्रश्न टाका. सक्तीचा."

टाकला. मेला रजेच्या अर्जातही उगवला! उत्तर दिल्याशिवाय अर्ज पुढे जाईना.

बूट काढून बसलेले साहेब डाफरले, "रजेचा आणि वासाचा काय संबंध? काढ तो प्रश्न!" आणि त्यांनी आलेले अर्ज उघडले.

सगळ्यांचं उत्तर एकच होतं: "हो. साहेबांच्या मोज्यांचा."

साहेबांनी हळूच पाय खुर्चीखाली घेतले.

"राहू दे प्रश्न," ते म्हणाले. "उद्याची उत्तरं बघू."