कोरडं सोनं

कपाशी बुडाली का याइची दिवाळी, असं धाड गावच्या बाजारात लोकं आम्हाले तोंडावर म्हनत. म्हना बापा! आमचा धंदाच तसा. सोनाराच्या दुकानातला केरकचरा इकत घ्यायचा अन् त्याच्यातलं डोळ्याले न दिसनारं सोनं काढायचं. बीटीवर बोंडअळी पडली तवापासून बायकायचे डोरले, एकदान्या धडाधड आटवाले येऊ लागल्या. जितकं आटन तितका कचरा कसदार. दुसऱ्याच्या रडन्यावर आमची भाकर, तौबा!

पन कचरा धुवाले पानी लागते, अन् विहीर कोरडीठाक. मंग माह्या घरवाल्यानं बंद पडलेल्या जिनिंगातून एक पंखा आनला. कचरा कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, पंख्यापुढं थोडा थोडा सोडायचा. माती उडे, सोनं खाली बसे. बाहेरची झुळूक आली तं बारीक सोनंबी जाय, म्हनून दार-खिडक्या बंद, फटीत चिंध्या. हात हलका म्हनून चाळनीवर अलफिया, आमची एकुलती एक लेक.

हिवाळ्यात ती खोकलाले लागली. बुलढान्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला अन् माह्यावरच डाफरला, "फुफ्फुसात धूळ बसली आहे. आता एक दिवसही त्या खोलीत बसवलं, तर पोरगी हातची जाईल."

दोघी घरी आलो तं पंखा चालूच! अलफियाचे अब्बा म्हने, "पाऊस पडू दे, मंग धुऊनच काढू. तवलक दार थोडं उघडं..."

"दार गेलं चुलीत!" मी म्हटलं, अन् दोन्ही कवाडं सताड उघडली. वारा घुसला. महिन्याभराची बारीक भुकटी डोळ्यादेखत आंगनात गेली. ते आंगनात बसून हातानं माती गोळा करू लागले, येड्यावानी.

अलफिया त्याइले उठवाले धावली अन् खोकल्यानं वाकली. तोंडाले लावलेली ओढनी काढली तं लाल. मी हात पुढं केला. म्हटलं, आन इकडं, धुते.

"धुऊ नको, अम्मी," ती हाफत म्हने. "अब्बाले दे. सोनाराचे हात पुसायचे फडके जाळून सोनं काढतो ना आपन? याच्यातबी असीन."

आग लागो त्या सोन्याले! मी ओढनी हिसकली अन् माठात बुडवली. घरात तेवढंच प्यायचं पानी होतं.