ध्यानस्थ मेमरी आणि मोडका पाय

इस्पितळाच्या कॉम्प्युटर-खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. परिचारिका, हिशेबनीस, सफाईवाले मामा, सगळे श्वास रोखून विजेच्या मीटरकडे बघत होते. मीटरचा काटा खाली येत होता आणि त्याच्याबरोबर मोठ्या साहेबांचा जबडाही.

“बघा!” ऊर्जागुरू गरजले. अंगात कडक इस्त्रीचा कोट, आवाज तुपात घोळलेला. “माझी तांब्याची पट्टी मशीनला चिकटली, की मेमरी ध्यानाला बसते. ध्यानात कुणाला भूक लागते? वीज अर्धी, वेग तेवढाच!”

अट एकच. पट्टी ‘जागी’ होईपर्यंत कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही. संशयाच्या लहरी बोटांतून शिरतात म्हणे! आणि ही शिकलीसवरलेली माणसं हात बगलेत दाबून बसली होती.

बाहेर स्ट्रेचरवर पाय मोडलेले आजोबा. त्यांचा एक्स-रे काढून झाला होता; पण तो कॉम्प्युटरात आणि कॉम्प्युटर ध्यानात.

“डॉक्टरबाई, यांची बोटं काळीनिळी पडताहेत हो,” आजी रडकुंडीला आल्या.

“मेमरीचं ध्यान होऊ दे, माझा पाय गेला तरी चालेल!” आजोबा चिडून ओरडले.

डॉक्टरबाई तरातरा आत शिरल्या आणि त्यांनी एक्स-रे उघडला. काटा टुणकन वर!

“लहरी! संशयाच्या लहरी!” गुरू किंचाळले.

“लहरी नाहीत, काम आहे ते. हाड सरकून रक्तवाहिनी दाबतंय. त्यांना आत्ताच ऑपरेशनला घ्या!” स्ट्रेचर धावलं. बाईंनी पट्टी खसकन उपटून मामांच्या बादलीत टाकली. “आता परत घाला हात बगलेत.”

काटा खाली आला. तेवढाच.

“हा... हा दूरप्रभाव,” गुरू चाचरले.

“मग गुरुजी, बादलीतूनच माझी फरशीही ध्यानाला बसवा की!” मामा म्हणाले. खोली हसून लोटपोट झाली.

“मशीनला काम नसलं की ती वीज कमी खाते,” बाई म्हणाल्या. “दुकान बंद ठेवून दिवे वाचवले, तर त्याला चमत्कार म्हणायचं?”

“मग वीज वाचवायचीच नाही?” साहेब पुटपुटले.

कॉम्प्युटर सांभाळणारी ताई पुढे आली. “वाचवू की, साहेब. मेमरी म्हणजे गळक्या पेल्यांची रांग. माहिती टिकवायला ते सारखे भरत राहावे लागतात. ज्यांत काही ठेवलेलंच नाही, ते भरणं थांबवायचं. लागण्याच्या जरा आधी पुन्हा भरायला घ्यायचे. वेग घटत नाही. पण मोजायचं ते मशीनचं काम चालू असताना. मीटरही आणि एक्स-रे उघडायला लागलेला वेळही.”

गुरूंचा कोट तोवर फाटकाबाहेर पोचला होता.

आजोबांचा पाय वाचला, अगदी थोडक्यात. पट्टीने तो घालवलाच होता म्हणायचा? नाही हो, पट्टी बिचारी तांब्याची. तो घालवत होते बगलेत दाबलेले हात. म्हणून सांगतो, चमत्कार दाखवणारा “हात लावू नका” म्हणाला, की सगळ्यात आधी हात लावा.