पडद्यावरचा चोर आणि माझा कान

जुमाकादिरच्या बैठकीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्याची घोडी चार दिवसांपूर्वी भल्या पहाटे चोरीला गेली होती आणि चोराचं तोंड दाखवायला राजधानी बिश्केकहून ‘संगणक-उस्ताद’ तेमिर आला होता. पुरावा एकच, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र. त्यात बर्फ, घोडीचं शेपूट आणि माणसाच्या तोंडाच्या जागी राखाडी डाग.

“एकेका ठिपक्याच्या पोटात हजार ठिपके असतात,” उस्ताद म्हणाला. “माझं यंत्र त्यांना बोलतं करतं!”

“कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते येणार कुठून?” मी विचारलं. मी गावचा मुगालिम, म्हणजे मास्तर; गणित शिकवतो.

“मुगालिम, तुम्ही सिनेमे बघत नाही वाटतं,” जुमाकादिर फिस्कारला. “पोलीस नुसता म्हणतो ‘मोठं कर’, की चोराच्या मिशा मोजता येतात!”

झालं. सिनेमापुढे गणित काय बोलणार?

उस्तादाची बोटं कीबोर्डवर कडाकडा चालू लागली. पडद्यावर हिरवी अक्षरं धो धो कोसळली, एक कवटी नाचली, यंत्र टुंई टुंई ओरडलं. डागाला नाक फुटलं. मग ओळखीच्या मिशा. सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या सोवेतबेककडे वळल्या. वीस वर्षं जुमाकादिरचे घोडे राखणारा माणूस, पार पांढराफटक पडला. चोर ठरला असता तर या खोऱ्यात कुणी त्याच्या हवाली शेळीसुद्धा केली नसती.

त्याची बायको बुरुलकान तिथेच सामोवारपाशी चहा ओतत होती. नवऱ्यावर आळ येत होता, पण पाहुणा तो पाहुणा. तिने उस्तादापुढे प्याला धरला. मानाने दिलेला प्याला आमच्यात कुणी एका हाताने घेत नाही. उस्तादानेही दोन्ही हात पुढे केले.

अक्षरं कोसळतच राहिली.

बुरुलकानने प्याला सोडलाच नाही. “उस्ताद, तुमचे दोन्ही हात इथे. मग तिकडे टाइप कोण करतंय?”

“ते... यंत्र स्वतःच विचार करतंय, ताई.”

“मग तुम्ही मघापासून कशाला घाम गाळताय?”

बैठक खदखदून हसली. मी उठून कीबोर्डची वायर उपटली. पडद्याला त्याचा पत्ताच नाही! कवटी पुन्हा नाचली, डाग लख्ख झाला आणि सोवेतबेकचा चेहरा उमटला. त्याच्या गालाला चिकटून एक कान होता, वरचं टोक नसलेला.

लहानपणी बर्फाने माझ्या कानाचं टोक खाल्लं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

“हा तर माझा कान!” मी ओरडलो. “घोडी चोरायला मीही गेलो होतो काय? जुमाकादिर, हा तुझ्या मुलाच्या लग्नातला फोटो, आम्ही दोघांनी गालाला गाल लावून काढलेला. याला दिला कुणी?”

जुमाकादिरने नजर गालिच्यात खुपसली. “काल त्याने विचारलं, संशय कुणावर आहे. यंत्राला ओळख पटावी म्हणून फोटो मागितला.”

“म्हणजे चोर तू सांगितलास आणि याने तुलाच परत दाखवला. ही आधी बनवून आणलेली फिल्म आहे. बाबांनो, सिनेमे खुशाल बघा, पण शेजाऱ्याच्या अब्रूला हात घालण्याआधी एकदा वायर उपटून बघत जा.”

उस्ताद गाशा गुंडाळू लागला. जुमाकादिरने स्वतः चहा ओतला आणि खाली मान घालून, दोन्ही हातांनी प्याला सोवेतबेकपुढे धरला.

सोवेतबेकने तो घेतला. एका हाताने.