सानगडीचं वळण

नवऱ्याचं नाव घ्याले मले लाज नाही. पोस्टरवर माह्या नावाच्या खालीच छापते ते, मंगरू म्हणून. नाटकात तो राजा होते, अन् घरी आला तरी त्याचा मुकुट उतरत नाही. म्हणून पिकअप पाहाले लाखनीले निघालो तवा मी सुनेले सांगतलं, "प्रतिक्षा, तू बी चाल. बुढा गाडीचं तोंड पाहीन. आपल्याले तिची पाठ पाहा लागते."

आमची नाटक मंडळी कारध्याची. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होते, मंग होळीपर्यंत आमचे पाय घरात टिकत नाही. आज इथं, उद्या तिथं. स्टेज गावचे लोक बांधून देते, मंडप देते, जेवण देते. बाईनं लुगडं कोठं बदलावं, हे मात्र कोणाले आठवत नाही. स्टेजमांगं एक चादर ताणली की झाली आमची खोली. वारा आला की चादर उडते, अन् वाऱ्याच्या आधी कोणाचं तरी मुंडकं आत येते.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच साली माहा अंकुश झाला. सानगडीच्या मंडईत दोन प्रवेशांच्या मधात मी त्याले पाजून राहिली होती. एका दारुड्यानं चादर उचलली अन् हासत उभा राहिला. मी त्याच्या तोंडावर रंगाची पेटी फेकून मारली. त्याच्या कपाळाले टेंगूळ आलं, गावात माही तारीफ झाली. पण तो राग काही गेला नाही. आजही सानगडीचं नाव निघालं की माह्या छातीत काहीतरी पेटते.

आता प्रतिक्षाची पोरगी पाच महिन्यांची आहे. प्रतिक्षा आमची हिरोईन. तिच्यासारखी रडणारी अन् रडवणारी पोरगी साऱ्या झाडीपट्टीत नाही, हे मी सासू असून सांगते, म्हणजे इचार करा! तिनं मले साफ सांगतलं होतं, "आई, दाराले आतून कडी असली त मी येते. नाही त नाटक सुटलं माहं. पोरीले घेऊन चादरीमांगं बसणार नाही."

मी म्हटलं, "कडी भेटन. माहा शब्द आहे."

मंग अंकुशनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातले बुढा-बुढी पिकअपमांगं पुरं घर जोडून देश पाहात फिरून राहिले होते. घराले समोरून लांब मान होती. ती मान पिकअपच्या डाल्यात, माल ठेवाच्या हौद्यात, टेकवली होती, मागच्या हुकाले बांधली नव्हती. मी म्हटलं, "मले हेच पाहिजे. फक्त यात नाटकातल्या बाया राहीन."

लाखनीच्या ताराचंद वेल्डरनं खोली बनवली. खाली चाकं, आत आरसा, बाकडं, पोरीचा पाळणा टांगाले कडं, कोपऱ्यात संडास, अन् दाराले आतून ही एवढी जाड कडी. खोलीच्या मानेखाली लोखंडी खुंटी. डाल्यात एक लोखंडी थाळी बसवायची, खुंटी तिच्यात अडकवायची, की खोली निघाली गाडीच्या पाठीवर मान ठेवून. मागं हुकाले बांधलेली ट्रॉली शेपटीसारखी हालते, ही हालत नाही, असं ताराचंद म्हणे. आता गाडीच तेवढी राहिली होती, अन् सानगडीची मंडई चार दिवसांवर.

वीरेंद्रचं जुन्या गाड्यांचं आवार ताराचंदच्या शेडले लागूनच, हायवेच्या कडेले. आम्ही गेलो, जय भीम, राम राम झालं, चहा आला. आवारात कामाच्या दोन गाड्या उभ्या होत्या. एक पांढरी, उंच, दोन केबिनची, मागच्या सीटवर तिघं आरामात बसन अशी. तिचं नाक असं वर, जशी सरपंचाची सून. दुसरी निळी, एका केबिनची, रंग उन्हानं उडालेला, डाला मात्र लांबच लांब अन् खालचे भार झेलणारे पाटे जाडजूड.

मंगरू सरळ पांढरीकडे गेला. बोनेटवर थाप मारली, आरशात मिशी पाहिली, मागच्या सीटवर पाय पसरून बसला. "अंकुशची माय, पाह्य! मंडईत अशी एंट्री पाहिजे. काच खाली होईन, हात बाहेर निंघन, लोक म्हणन आला राजा!"

"उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग," मी म्हटलं. "आधी खोली त जोडून पाहू."

"जोडा ना भाऊ!" वीरेंद्र म्हणे. "इंजिन पाहा इचं. हत्ती बांधा मांगं, हत्ती ओढन."

ताराचंदनं पांढरीच्या डाल्यात थाळी कसली, खोली अडकवली. आम्ही संग आणलेल्या नाटकाच्या साऱ्या पेट्या आत भरल्या, कारण रिकामी खोली ओढाले काय लागते? अंकुश स्टेअरिंगवर बसला. आवारामांगं तलावाची पाळ आहे, तिच्यावर चढाले चांगला चढ. पांढरी गुरगुरली अन् एका दमात चढून गेली. वर जाऊन तिनं हॉर्न दिला, खाली जमलेल्या लोकाईनं टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टी मारली. मंगरू त असा नाचला, जसा त्याचाच बैल शर्यतीचा पट जिंकला.

"झालं!" तो म्हणे. "हीच गाडी. वीरेंद्रभाऊ, पेढे मांगवा."

अन् खरंच पेढे आले बाप्पा! लोकं पेढे खाऊन राहिले, मी मात्र हातात धरून उभी. आमच्या इकडं ही खोडच आहे. शंकरपट पाहून पाहून साऱ्याइची नजर सरळ झाली. बैल सरळ पट्टीत धावला की तो बैल, बाकी सारे बोकड. पण माहा बाप धानाची शेती करे. तो म्हणे, पटाचा बैल पट्टीत पाहा, आपला बैल धानाच्या बांधीत, कोपऱ्यावर पाहा. चिखलात, बांधाच्या धुऱ्याले न घासता जो वळते तोच आपला. गाडी मले पटात धाववाची नव्हती. सानगडीच्या मंडईत न्याची होती.

"आता वळवून दाखवा," मी म्हटलं.

वीरेंद्र हासला. "मालनबाई, पाळ चढली गाडी. वळणार नाही का?"

"वळते त वळवा. हासता कायले?"

सानगडीच्या मैदानात जाले एकच गल्ली आहे. एकीकडे घराची भिंत, पुढं पिंपळ, अन् पिंपळापाशी गल्ली अशी काटकोनात मुडते की बैलगाडीवाले बी उतरून बैलाचा कान धरते. ती गल्ली माह्या पायाले पाठ आहे. मी आवारात पावलं टाकून जागा मोजली अन् पेढे खाणाऱ्याइले तालमीत उभं करतो तसं उभं केलं.

"ए भाऊ, तू पिंपळ. हालायचं नाही. तुम्ही तिघं भिंत, खांद्याले खांदा लावा. वीरेंद्रभाऊ, तुम्ही नाली."

"मी नाली?"

"कोणी तरी व्हा लागते ना! पाय फाकवून उभे राहा, नालीच्या अल्याडून चाक गेलं पाहिजे."

लोकं खो खो हासून राहिले, पण उभे राहिले. मंगरू पुन्हा पांढरीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला होता, खाली उतराले तयार नव्हता. बस म्हटलं, बस तिथंच.

"अंकुश, हळू. पिंपळापासून मुड."

पांढरी भिंतीच्या बाजूनं सरळ आली, झकास आली. पिंपळापाशी अंकुशनं स्टेअरिंग फिरवलं. गाडी वळली, पण मांगची खोली अजून सरळच होती. खोलीचा कोपरा फिरत फिरत केबिनकडे येऊन राहिला. डाला आखूड, थाळी केबिनच्या जवळ, कोपऱ्याले जागाच नव्हती. आत मंगरू आरामात समोर पाहून राहिला होता. लोखंडी कोपरा त्याच्या मुंडक्यामांगच्या काचेवर चालला होता, अन् राजाले पत्ताच नव्हता.

"थांब!"

तीस वर्षं माइकबिगर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला मी. अंकुशचा पाय ब्रेकवर गेला. भिंत बनलेले तिघं दचकून मांगं सरकले, नाली झटकन पाय जोडून उभी राहिली. मंगरूनं मांगं वळून पाहिलं. काचेच्या अन् कोपऱ्याच्या मधात चार बोटं जागा होती. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हत्ती गेला अन् शेपूट राहिलं," मी म्हटलं. "उतरा महाराज."

वीरेंद्रही हार मानणारा नव्हता. "त्याले काय! थाळी मांगं सरकवू. कोपरा दूर जाईन."

आता इथं माह्या मनात आलं, की झालं, बुढा आता हो म्हणते. त्याचा जीव पांढरीवर बसला होता, अन् साऱ्या कारध्यात तो सांगून आला होता की दोन केबिनची गाडी येऊन राहिली. पण मंगरू डाल्यापाशी गेला. चाकं पाहिली, थाळी पाहिली, हातानं जागा मोजली. लहानपणी त्यानं बापाची बैलगाडी हाकली आहे.

"नाही गा," तो हळूच म्हणे. "थाळी चाकाच्या मांगं गेली की गाडी उलार होते. भार मांगं पडला की बैलगाडीचं जू वर उचलते, बैलाचा गळा आवळते. हिचं तोंड उचलन. मंग अंकुशनं स्टेअरिंग फिरवून काय उपयोग? चाकं रस्त्याले टेकली त पाहिजे."

बस. मले त्या घडीले त्या माणसाची अशी माया आली म्हणून सांगू! लाडक्या गाडीविरुद्ध स्वतःच्या तोंडानं साक्ष दिली त्यानं. पण तोंडावर तारीफ केली त डोक्यावर बसते, म्हणून मी एवढंच म्हटलं, "आता निळी जोडा."

निळीच्या लांब डाल्यात थाळी केबिनपासून दूर, बरोबर मागच्या चाकावर बसली. पेट्यांसकट खोली टेकली तरी पाटे जरासेच दबले. पाळ चढाले तिनं पांढरीपेक्षा उशीर लावला, धूर बी सोडला, टाळ्या कोणी वाजवल्या नाही. मंग पुन्हा पिंपळ उभा झाला, भिंत उभी झाली, नालीनं बी पाय फाकवले. निळी आली, मुडली, खोली तिच्यामांगं मुकाट मुडली. केबिन अन् कोपरा यांच्या मधातून माणूस जाईन एवढी जागा. अंकुशनं एकदा नाही, तीनदा वळवून दाखवली.

"हीच," प्रतिक्षा म्हणे. पोरीले कडेवर घेऊन ती सारा वेळ खोलीच्या दारापाशी उभी होती. कडी उघड-बंद करून पाहात होती.

गाडी ठरली, पण मंगरूचं तोंड उतरलं ते उतरलंच. कारध्याले येईपर्यंत तो काचेतून हात बाहेर काढून पाहे अन् आत ओढे. एका केबिनमधून राजाची एंट्री कशी होईन, हेच त्याच्या डोक्यात. मी पेंटरले बोलावून निळीच्या कपाळावर मंडळीचं नाव लिवून घेतलं, अन् त्याखाली दोघांचं. मंगरूचं वर, माहं खाली.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "चुकून झालं का?" म्हणे.

"नाही. पण पोस्टरवर तसंच राहीन, आधीच सांगून ठेवते!"

सानगडीले आम्ही दुपारीच पोचलो. मंडईचा बाजार भरून राहिला होता, गल्लीत माणसं, बकऱ्या, फुगेवाले. लोकं म्हणे, एवढी मोठी खोली इथून जाणारच नाही, गावाबाहेर ठेवा. मी समोर उतरली. पिंपळ होता, भिंत होती, नाली बी होती, अन् अंकुशले त्या साऱ्याइची तालीम झालेली होती. त्यानं माह्याकडे पाहिलं बी नाही. पिंपळापासून स्टेअरिंग फिरवलं, अन् निळी खोलीले घेऊन मैदानात उभी झाली. मंगरूनं काच खाली करून हात बाहेर काढला. लोक त्याच्याकडे कमी अन् खोलीकडे जास्त पाहून राहिले होते, पण तो खूश होता.

दिवेलागणीले पोरगी रडाले लागली. प्रतिक्षा तिले घेऊन खोलीत गेली, अन् आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी बाहेर उभी होती. याच मैदानात, याच बाजूले माही चादर ताणलेली होती. मले वाटलं होतं मी हासन. डोळेच भरून आले माहे. रंग लावाचा राहिला होता म्हणून बरं.

"आई," आतून प्रतिक्षा म्हणे, "तुम्ही बाहेर काहून? या ना आत."

तिनं दार उघडलं, मी आत गेली. पोरगी पाळण्यात गप झाली होती. माहं लुगडं आरशाजवळ टांगलेलं होतं. कडी मी लावली, माह्या हातानं. जरा घट्टच होती.

माहा रंग लावून होत आला, तवा बाहेरून दारावर थाप पडली. मंगरूचा आवाज. "अंकुशची माय, पडदा उघडाचा आहे! आत येऊ का?"

जन्मात पहिल्यांदा विचारलं त्यानं.

"थांब," मी म्हटलं.

अन् तो थांबला.