मागचा उजवा सड

मित्रांनो, मी एक जुनं, बुटकं, तीन पायांचं स्टूल आहे. चौथा पाय मोडला असं मात्र समजू नका. गोठ्याची जमीन उंचसखल असते, तिथे तीन पाय असले की डगमगायला होत नाही, हे मला घडवणाऱ्या सुताराला ठाऊक होतं. लेकीच्या लग्नात त्याने मला तिच्या सामानात ठेवलं. सासरी आली तेव्हा तिच्या ओळखीचं असं मी एकटंच होतं.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती माझ्यावर बसते, गुडघ्यांत बादली धरते आणि बांडी गाईची धार काढते. शेण, चारा, वासराची निगा, सगळं तिच्याकडे. दूध घेऊन डेअरीवर जातो तो तिचा नवरा. एकदा शेजारी त्याला म्हणाले, "मालक, तुमच्या हाताला गुण आहे हं!" तेव्हा ती पदरात तोंड लपवून इतकी हसली की बांडीने मागे वळून पाहिलं. बोलायला तिला आम्ही दोघंच. बांडी निदान कान तरी हलवते. मला तेही जमत नाही.

एके सकाळी मागचा उजवा सड तिच्या बोटांना गरम लागला. दुधात बारीक गुठळ्या आल्या. ते दूध तिने बाजूला ठेवलं आणि घरात जाऊन सांगितलं, "अहो, बांडीचा सड सुजलाय. डॉक्टरांना बोलवा ना."

"तुला सगळीकडे आजारच दिसतात," नवरा म्हणाला.

"धार काढायचा कंटाळा आला असेल," सासूबाईंनी भर घातली.

ती रोज सांगत राहिली. पाचव्या दिवशी बांडीने चारा सोडला, तेव्हा कुठे डॉक्टर आले. त्यांना बसायला मला पुढे केलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर दुसऱ्या कुणाचा भार पडला. ती दाराआड उभी राहिली.

"मालक, सड कधीपासून गरम आहे?"

"कालपासून."

"दुधात गुठळ्या?"

"छे छे! दूध एकदम झकास."

"पाच दिवस झाले," दाराआडून आवाज आला. "गुठळ्या पहिल्या दिवसापासून आहेत."

"अगं, मोठी माणसं बोलतायत ना?" सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर उठले. "धार काढतं कोण?"

नवरा सासूबाईंकडे बघू लागला. बांडीने तेवढी दाराकडे मान वळवली.

"मग मला काय बसवताय? त्यांना बोलवा आत." त्यांनी मला तिच्याकडे सरकवलं. पण फार उशीर झाला होता. बांडी वाचली, तो सड कायमचा आटला.

आता नवरा रोज दाराशी येऊन विचारतो, "बांडी बरी आहे ना?" ती मान हलवते. धार काढताना पूर्वीसारखी बडबडत नाही. तीन सडांचं काम लवकर आटोपतं आणि मी पुन्हा भिंतीशी एकटं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी खाली बसून राबत असेल आणि हळूच काही सांगत असेल, तर त्याच दिवशी ऐका. आणि गाईची चौकशी झाली की जरा थांबून धार काढणारीलाही विचारा, "तू कशी आहेस?" इथे ते अजून कुणी विचारलेलं नाही. मला तोंड असतं, तर मी केव्हाच विचारलं असतं.