दोन खोल्या, एकच नंबर

त्या रविवारी सुग्रीवराव सकाळपासून खुशीत होते. पालमच्या बसस्टँडमागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि समोरच्या गल्लीत त्यांनी भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी नुकतीच अभ्यासिका काढली होती. क्लासमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर जमवलेले धडे, जुन्या प्रश्नपत्रिका मुलींना तिथे बसून उघडता याव्यात, एवढीच त्यांची हौस. त्यांनी गल्लीवरून केबल ओढली, राउटर बसवला. पण धडे काही उघडेनात. मग पुण्याहून आलेल्या लेकीला, पंकजाला, त्यांनी धड जेवूही न देता तिथे नेऊन बसवले. ती एका कंपनीत नेटवर्कचेच काम करायची.

तिने सेटिंग उघडले आणि तिला हसूच आले.

"अण्णा, दोनी नेटवर्कला एकच नंबर? कुणी दिला?"

"म्याच. दोनी खोल्या आपल्याच की. एका घरात दोन आडनावं कशाला?"

मुली खुदखुदल्या. त्यांतली निकिता म्हणाली, "सर, लग्न झाल्यावर बदलतंय की आडनाव!" यावर सगळ्यांत मोठ्याने सुग्रीवरावच हसले. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बरं, एकच नंबर का चालंना ते सांग. तू हळूहळू सांग, म्या करतो."

"राहू द्या अण्णा, तुमच्यानं न्हाई व्हायचं. माझी बस हाय." तिने त्यांच्या हातातून माऊस काढून घेतला आणि झरझर सगळे करून टाकले. धडे उघडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. "पुढच्या टायमाला सांगते," ती उठता उठता म्हणाली.

"बरं." रिकामा हात त्यांनी उगाच मांडीवर पुसला. मग बसमध्ये जागा धरायला तिची पिशवी उचलून ते पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिकवता शिकवताच त्यांच्या छातीत कळ आली. परभणीला नेईपर्यंत सगळे संपले होते.

तेरावे झाले. त्याच आठवड्यात लाइटच्या ये-जा करण्यात अभ्यासिकेतला राउटर जळाला. पंकजाच्या आईने, दैवशालाबाईंनी, गंगाखेडहून नवा मागवला. "पोरींची परीक्षा हाय," त्या म्हणाल्या. "तेवढं लावून दे."

काम चुटकीसरशी होण्यासारखे होते. पण पंकजाचा हात चालेना. नव्या राउटरला कारखान्यातूनच नंबर आला होता, आणि तो क्लासमधल्यासारखाच होता. इतके दिवस ती स्वतःची समजूत घालत होती, की अण्णा आजारी असते तर आपण थांबलो असतो. पण थांबायला आजार कशाला हवा होता? नंतर आणखी एक बस होती. ते तिला तेव्हाही माहीत होते.

मुली चहाला गेल्या होत्या.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली. माऊस हातात धरून तिने पुन्हा सुरुवात केली.

"अण्णा, नंबर सारखा असला की कॉम्प्युटरला वाटतं, समोरचा आपल्याच खोलीत हाय. मग तो खोलीतच हाका मारीत बसतो, दाराकडं जातच न्हाई. म्हणून क्लासचा एक नंबर, तर हितं दोन नंबर द्यायचा. मग क्लासच्या राउटरला सांगायचं, दोनचं काही आलं तर ह्या वाटेनं धाड. आन् हितल्याला सांगायचं, एकचं त्या वाटेनं. एकाच बाजूला सांगून भागत न्हाई, उत्तराला माघारी यायलाबी वाट लागते. कळालं का? न्हाई कळालं तर परत सांगते. मला घाई न्हाई."