पूजेला मांडलेलं पिस्तूल

"घ्या मंडळी, मिक्सरच्या भावात पिस्तूल," सलिल पाटाकडे हात करून पाहुण्यांना म्हणाला, तेव्हा मेधा त्या पिस्तुलाखालचं लाल कापड सरळ करत होती.

खंडेनवमी होती. परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या त्यांच्या घरी पाटावर सलिलचा लॅपटॉप होता, ड्रिल मशीन होतं, भाजीची सुरी होती आणि मधोमध मेधाचं पिस्तूल. ते मांडायचं तिच्या मनातही नव्हतं. पण सलिलच्या मित्राची बायको विनीता दारातच म्हणाली होती, "अगं, खरं शस्त्र घरात असताना ड्रिलची कसली पूजा करतेस?" दोन वर्षांत त्या पिस्तुलाबद्दल कुणी बरं बोललं ते हे पहिलंच. मेधा विरघळली. गराजमधली लोखंडी तिजोरी उघडून तिने पिस्तूल काढलं, ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि झोपलेलं मूल आणावं तसं दोन्ही हातांनी आत आणलं.

मेधा एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत होती. लेबल एक केसभर वाकडं गेलं की मशीन नळी परत फेकतं, तिची एकही परत येत नसे. हा न थरथरणारा हात दुसऱ्या कशालाही उपयोगी पडेल हे तिला पन्नाशीत कळलं, तेही शेजारच्या टेबलावरची डेब्रा तिला एकदा पिस्तूल क्लबात घेऊन गेली म्हणून. मग परीक्षा, पोलिसांची परवानगी, भिंतीत बोल्टने ठोकलेली तिजोरी, सगळं तिने एकटीने केलं. शनिवारची सकाळ तिची झाली. आठवड्यात तिची म्हणावी अशी तेवढीच.

विनीताने विचारलं म्हणून ती पिस्तुलाबद्दल सांगायला लागली. "तुर्की बनावटीचं आहे. बॉडी प्लास्टिकची, म्हणून हलकं. सोबत बदलून लावायच्या तीन मुठी येतात, मला सगळ्यात लहान बसते. दहा गोळ्या मावतात, त्याहून जास्त इथं चालत नाहीत. नावाजलेलं घेतलं असतं तर दुप्पट पडलं असतं. ट्रिगर जरा जड आहे, पण दोन वर्षांत एकदाही अडकलं नाही."

"कंपनी नावाजलेली नाही आणि नेमबाजही नाही," सलिल म्हणाला. "मस्त जमली जोडी."

सगळे हसले. मेधाही हसली. आपणही हसलं की टोमणा निम्माच लागतो, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती.

हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. मेधाने पिस्तूल उचलायला हात पुढे केला, कारण इथला कायदा सरळ आहे: पिस्तूल एकतर परवानेवाल्याच्या हातात, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही. विनीताने तिचं मनगट धरलं. पूजेतलं शस्त्र आज हलवायचं नसतं, म्हणाली, उद्या दसऱ्याला उचल. मेधाला हे माहीत नव्हतं असं नाही. तिचे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला नळ गळून बादल्या भरल्या तरी पान्याला हात लावत नसत. कायद्याचं ऐकावं की वडिलांचं, एवढं ठरेपर्यंत आत कढईतलं तेल धुरावलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणून ती पुऱ्या तळायला गेली.

त्या पाच मिनिटांत सलिलने पिस्तूल उचलून मित्राच्या कानशिलाला लावलं, मित्राने हात वर केले आणि कुणीतरी फोटो काढला. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. पोलिसांना कुणी कळवलं ते कधीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोलीसबाई दाराशी उभी राहिली, तिच्या हातातल्या फोनवर तोच फोटो.

तिने एकच विचारलं. हे यांच्या हातात आलं कसं?

सलिलची नोकरी सरकारी कंत्राटावरची होती. विनापरवाना पिस्तूल हाताळल्याची केस झाली की ती गेलीच. तो अजिबात अडखळला नाही. हिनेच हातात दिलं, म्हणाला, मला वाटलं खोटं असेल. मग आवाज उतरवून, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं म्हणाला, की हिला हल्ली बरं नसतं. मूड जातात. गोळ्या चालू आहेत.

गोळ्या थायरॉइडच्या होत्या.

"खरं आहे का हे?" पोलीसबाईने मेधाला विचारलं.

मेधाने सलिलकडे पाहिलं. तो विनवत नव्हता, घाबरलेलाही नव्हता. हॉटेलात वेटरने बिल आणायची वाट पाहावी तसा उभा होता. मेधाला खोटं बोलायची सवय नव्हती; गप्प बसायची होती. पोलीसबाईने त्या गप्प बसण्याचा 'हो' लिहून घेतला. पिस्तूल, मॅगझिन आणि परवाना पिशवीत घातला, पिशवीवर लेबल लावलं. लेबल वाकडं लागलं.

दार लागल्यावर सलिल म्हणाला, "बरं झालं, ब्याद गेली. आता शनिवारी तरी घरात राहशील."

महिन्याभराने पत्र आलं. परवाना रद्द. मेधा ही शस्त्र बाळगण्यास योग्य व्यक्ती नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तिने ते चार घड्या करून पर्समध्ये ठेवलं आणि शनिवारी सकाळी गाडीची किल्ली घेतली. कुठं चाललीस म्हणून सलिलने दोनदा विचारलं. तिने गाडी बाहेर काढली.

क्लबात म्हाताऱ्या नेव्हिलला बहुतेक सगळं कळलं होतं. नेमबाजीची रेंज तो सांभाळायचा. त्याने कागदी टिकल्यांची दोन भेंडोळी तिच्या हातात दिली, एक काळं, एक पांढरं.

मेधा दुसऱ्यांच्या कागदी लक्ष्यांपाशी गेली आणि गोळ्यांनी पडलेली भोकं टिकल्या चिकटवून बुजवायला लागली. काळ्यावर काळी टिकली, पांढऱ्यावर पांढरी, काठाला काठ लावून. सगळी झाल्यावर ती चालत नेमबाजांच्या रेषेच्या मागे आली. नेव्हिलने वळून बघितलं. तिने कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि हात वर करून त्याला खूण केली, की पुढे कुणी नाही, चालू द्या.